दम आणि धार

बुलढाणा जिल्ह्यात धुऱ्यावरची जुनी बाभूळ तोडायची म्हटली की झाड आडवे करणे हे निम्मेच काम असते. उरलेले निम्मे, आणि जास्त जिकिरीचे, म्हणजे त्या आडव्या झाडाचे ओंडके पाडणे. बाभूळ हिरवी असेपर्यंत कुऱ्हाड तिच्यात बरी चालते. उन्हाळाभर वाळून पडली की तिचा लालसर गाभा कुऱ्हाडीला दाद देत नाही. बैलगाडीची चाके, वखर, डवरा, तिफण यांसाठी इथल्या सुतारांनी पिढ्यान्‌पिढ्या बाभूळच निवडली ती याच कठीणपणामुळे. सागवानापेक्षा ते लाकूड घट्ट आणि जड. कवेत न मावणारा तसला बुंधा दोघांच्या करवतीने कापायचा तर एका आडव्या छेदालाच घाम निघतो आणि असे दहा-बारा छेद घ्यायचे असतात.

म्हणून आता चेन सॉ सगळीकडे दिसते. आडजात लाकडाचा व्यापार करणारे ठेकेदार, आरा मशीनवाले, पावसाळ्याआधी विजेच्या तारांखालच्या फांद्या छाटणाऱ्या टोळ्या, अवकाळीच्या वादळात रस्त्यावर आडवा झालेला कडुनिंब हटवणारी नगरपालिकेची माणसे, या सगळ्यांच्या हातात ती असते. त्यातल्या पुष्कळ मशीन नव्या नसतात. एकाने वापरून दुसऱ्याला दिलेल्या, दुसऱ्याने रिंग बदलून तिसऱ्याला विकलेल्या असतात. त्यांचा रंग उडालेला असतो, मागची मूठ तारेने बांधलेली असते, झाकणाचा एखादा बोल्ट भलत्याच गाडीचा असतो. तरीही जाणकार माणूस अशी मशीन उचलून, दोरी हळूच ओढून पाहतो आणि नव्या चकचकीत स्वस्त मशीनपेक्षा तिलाच जास्त पैसे मोजतो. त्याची ही निवड बहुतेकदा बरोबर असते, पण ती कशासाठी बरोबर आणि कुठे धोक्याची, हे नीट समजून घ्यायला हवे.

जर्मनीतल्या आंद्रेआस श्टील या अभियंत्याने १९२६ मध्ये विजेवर चालणारी चेन सॉ बनवली आणि १९२९ मध्ये पेट्रोलवरची. त्या काळातल्या या मशीन दोन माणसांनी दोन टोकांना धरायच्या. जंगलात नेणे हेच मोठे ओझे. एका माणसाला एकट्याने वापरता येईल अशी श्टीलची पेट्रोल मशीन यायला १९५० उजाडले. त्याच सुमारास कार्बोरेटरही बदलला. आधीच्या कार्बोरेटरमध्ये स्कूटरसारखे तरंगते गोळे असत, त्यामुळे मशीन आडवी केली की पेट्रोल गडबडायचे. पातळ पडद्यावर चालणारा कार्बोरेटर आल्यावर मशीन आडवी, तिरकी, अगदी उलटी धरूनही चालू लागली.

पण इंजिनापेक्षा मोठा शोध चेनमध्ये लागला. अमेरिकेतल्या ओरेगॉन राज्यात जोसेफ कॉक्स नावाचा लाकूडतोड्या होता. सुरुवातीच्या चेनचे दात करवतीसारखे सरळ खरवडणारे असत. ते लवकर बोथट होत आणि धार लावायला फार वेळ खात. १९४६ मध्ये एका बुंध्यात कॉक्सला लाकूड पोखरणारी भुंग्याची अळी दिसली. तिचे दोन्ही जबडे बाकदार होते. ती एकदा डावीकडून, एकदा उजवीकडून असे कापत लाकडाच्या रेषांमधून आणि रेषांना आडवी सारख्याच सहजतेने पुढे सरकत होती. कॉक्सने त्या जबड्यांच्या आकाराचे पोलादी दात बनवले, एक डावा, पुढचा उजवा, आणि १९४७ मध्ये पोर्टलंड शहरात ती चेन विकायला सुरुवात केली. आज आपल्याकडे मलकापूर किंवा खामगावच्या दुकानात मिळणारी चेनही मूळ त्याच आकाराची आहे. मशीन सत्तर वर्षांपूर्वीची असो की कालची, लाकडाला भिडणारा दात एकाच घराण्यातला असतो. जुन्या मशीनची कामगिरी मोजताना हे सगळ्यात आधी लक्षात ठेवायला हवे.

जुन्या मशीनची ताकद म्हणजे नेमके काय? श्टील कंपनीने १९५९ मध्ये ‘कॉन्ट्रा’ नावाचे मॉडेल काढले. इंजिन आणि चेन यांच्यामधला गिअर त्यात काढून टाकला होता. सहा अश्वशक्ती आणि बारा किलो वजन. त्याच बांध्यातून पुढे ०७० हे मॉडेल आले. साधारण १०६ सीसीचे एकच सिलिंडर, ४.८ किलोवॅट शक्ती, बार (जिच्यावर चेन फिरते ती पट्टी) आणि चेन सोडून दहा किलोंच्या वर वजन. युरोपात नवी मॉडेल आल्यावरही आशिया, आफ्रिका आणि दक्षिण अमेरिकेच्या बाजारांत ते कित्येक वर्षे विकले जात राहिले. त्याच्या नकलाही इतक्या निघाल्या की जुन्या बाजारात मूळ आणि नक्कल ओळखणे हेच एक कसब झाले आहे. आजच्या व्यावसायिक मशीनशी त्याची तुलना करून पाहू. त्याच कंपनीचे ४६२ हे मॉडेल ७२ सीसीचे आहे, ४.४ किलोवॅटचे, आणि वजन सुमारे सहा किलो. म्हणजे शक्ती जवळजवळ तेवढीच, वजन मात्र चार किलोंहून जास्त कमी.

मग जुन्याचे चाहते म्हणतात ती ‘ओढ’ खोटी का? नाही, ती खरी आहे आणि तिचा हिशेब मांडता येतो. शक्ती म्हणजे जोर गुणिले वेग. नव्या मशीनमध्ये इंजिन मिनिटाला १०,००० फेऱ्यांच्या आसपास पूर्ण शक्ती देते. चेन फिरवणाऱ्या सात दात्यांच्या स्प्रॉकेटवर नेहमीची तीन-अष्टमांश इंची चेन लावली तर प्रत्येक फेरीला १३३ मिलिमीटर चेन सरकते. म्हणजे सेकंदाला सुमारे २२ मीटर, ताशी ८० किलोमीटर. जुन्या मोठ्या मशीनला ७,००० फेऱ्या धरल्या आणि तिच्यावरची जाड चेन धरली, तर वेग सेकंदाला १७ मीटरच्या आतच राहतो. वेग कमी, शक्ती किंचित जास्तच, म्हणून चेनवर येणारा जोर साधारण चाळीस टक्क्यांनी जास्त. लांब बार बाभळीच्या जाड बुंध्यात पूर्ण रुतला असेल, एकाच वेळी वीस-पंचवीस दात लाकूड चावत असतील, तेव्हा हा जोर कामाला येतो. थोडे जास्त दाबले तरी मशीन गुदमरून बंद पडत नाही, आवाज जरा खाली उतरतो आणि कापणे चालू राहते. बारीक फांद्या छाटताना मात्र याचा काही उपयोग नाही. तिथे वेग आणि हलकेपणा हवा आणि जुनी मशीन धरून तासाभरातच खांदे भरून येतात.

म्हणजे जुन्या मशीनचे खरे क्षेत्र ठरलेले आहे. जमिनीवर पडलेला जाड ओंडका, उभे राहून सरळ खाली घ्यायचा छेद, किंवा ओंडक्यातून जाड फळ्या काढणे.

आता धारेकडे वळू, कारण मशीनची तक्रार म्हणून जे सांगितले जाते त्यातले निम्मे तरी चेनचे दुखणे असते. छेदातून काय उडते ते बघावे. धारदार चेन जाडसर ढलप्या फेकते. बोथट चेन पिठासारखा भुसा काढते, धूर निघतो, बार तापतो आणि माणूस वर जोर लावत बसतो. बुलढाण्याच्या काळ्या मातीत चेन लवकर बोथट होते. पावसात उडालेला चिखल बुंध्याच्या खालच्या सालीत वाळून बसतो आणि त्यातले वाळूचे बारीक कण पोलादी धार एका छेदात मारतात. सागवान कापताना वेगळा त्रास होतो. त्याच्या लाकडातच गारेच्या जातीचे कण असतात, त्यामुळे साल स्वच्छ असली तरी धार उतरते. रस्त्याकडेच्या निंबात तर जाहिरातींच्या पाट्यांचे जुने खिळे आणि कुंपणाच्या तारा लाकडाने गिळून टाकलेल्या असतात. नागपूर-मुंबई रस्त्याच्या रुंदीकरणात नांदुरा-मलकापूरकडची जुनी झाडे कापणाऱ्यांना असल्या खिळ्यांचा अनुभव आला नसेल तरच नवल.

धार लावणे हे काम गोल कानशीने, हातानेच उत्तम होते. तीन-अष्टमांश चेनला सव्वापाच किंवा साडेपाच मिलिमीटरची कानस, दाताशी तीस अंशांचा कोन, कानस नेहमी आतून बाहेर. सगळे डावे दात आधी, मग सगळे उजवे, आणि दोन्ही बाजूंना मोजून सारखेच घाव, कारण एक बाजू लहान झाली की छेद तिरका जातो. प्रत्येक दातापुढे एक लहान उंचवटा असतो. दात किती खोल चावेल हे तो ठरवतो. दात कानशीने झिजत खाली येतो, उंचवटा तसाच राहतो, म्हणून अधूनमधून तोही घासून दातापेक्षा अर्धा ते पाऊण मिलिमीटर खाली ठेवावा लागतो. हे पुष्कळ जण विसरतात आणि मग नवी चेन घेतात. उलट हा उंचवटा फार घासला तर दात जास्त खोल रुततो, मशीन झटके देते आणि जुन्या मशीनचा झटका सोसणे सोपे नसते. चांगली धार लावलेली चाळीस वर्षांची मशीन बोथट चेनच्या नव्या मशीनला सहज मागे टाकते, याबद्दल माझ्या मनात शंका नाही.

जुन्या मशीनविषयीच्या ओढीचे दुसरे कारण म्हणजे ती उलगडते. ही मशीन टू-स्ट्रोक आहे आणि टू-स्ट्रोक इंजिन महाराष्ट्राला परके नाही. लुना, चेतक, राजदूत यांवर हात बसवलेले मिस्त्री आजही तालुक्याच्या गावी आहेत. पेट्रोलमध्ये ऑइल किती, पॉइंटचे अंतर किती, रिंग कुठून बसली, सायलेन्सरमध्ये काजळी किती साठली, हे त्यांना विचारावे लागत नाही. जुन्या मशीनमध्ये चकतीखाली पॉइंट असतात, ते काजळले की घासून पुन्हा चालू होतात. नव्या मशीनचा इलेक्ट्रॉनिक भाग बिघडला तर तो फेकून नवाच घ्यावा लागतो, आणि तो गावात मिळत नाही. पार्ट मागवून येईपर्यंत काम थांबते. हंगामात काम थांबणे ठेकेदाराला परवडत नाही. माझ्या मते जुन्या मशीनच्या किमतीत निम्मा वाटा या दुरुस्तीच्या खात्रीचा असतो.

कार्बोरेटरवरचे दोन छोटे स्क्रू, एक कमी गतीचा आणि एक पूर्ण गतीचा, हेही त्या खात्रीतच येतात. आपल्या जिल्ह्यात त्यांचे महत्त्व जरा जास्तच आहे. घाटाखाली शेगाव-मलकापूरच्या पट्ट्यात मशीन चालते तेव्हा उंची तीनशे मीटरच्या आसपास. घाट चढून बुलढाण्याला आलात की साडेसहाशे. एवढ्या चढाने हवा सुमारे चार टक्क्यांनी विरळ होते. उन्हाळ्याच्या दुपारी पारा चव्वेचाळीसवर गेला की हिवाळ्याच्या मानाने आणखी चार-पाच टक्के. हवा विरळ झाली की मिश्रणात पेट्रोल जास्त पडते, मशीन जड चालते, प्लग काळा पडतो. अनुभवी माणूस कान लावून पूर्ण गतीचा स्क्रू थोडा बंद करतो. नव्या महागड्या मशीनमध्ये हे काम आतला संगणक स्वतः करतो, हे मान्य करायलाच हवे. मधल्या काळातल्या पुष्कळ मशीनमध्ये मात्र प्रदूषणाच्या नियमांमुळे स्क्रूवर टोप्या बसवून त्यांची हालचाल मर्यादित केलेली आहे. त्या धड जुन्या नाहीत आणि धड नव्याही नाहीत.

हल्ली यात पेट्रोलचा नवा प्रश्न आला आहे. २०२५ पासून देशभर पंपांवर मिळते त्या पेट्रोलमध्ये साधारण वीस टक्के इथेनॉल असते. शुद्ध पेट्रोलच्या एका किलोला जळायला १४.७ किलो हवा लागते, या मिश्रणाला साडेतेराच्या आसपास पुरते. म्हणजे स्क्रू तिथेच ठेवले तर इंजिनाला सात-आठ टक्के पेट्रोल कमी पडते आणि ते जास्त तापते. टू-स्ट्रोकमध्ये वंगण पेट्रोलातूनच येते, म्हणून पेट्रोल कमी पडणे म्हणजे वंगणही कमी पडणे. याचा शेवट पिस्टन चिकटण्यात होतो. जुन्या मशीनवर स्क्रू थोडा उघडून ही तूट भरता येते. पण तिच्या रबरी नळ्या आणि कार्बोरेटरचा पडदा इथेनॉलने फुगतात, कडक होतात, चिरतात. शिवाय इथेनॉल हवेतले पाणी ओढते. म्हणून नळ्या आणि पडदा नव्या जातीचे बसवावेत, पेट्रोल महिनाभर टाकीत ठेवू नये, आणि काम संपले की टाकी रिकामी करून मशीन बंद पडेपर्यंत चालवावी. ऑइलचे प्रमाणही बघावे. आजच्या चांगल्या टू-स्ट्रोक ऑइलला लिटरमागे वीस मिलिलिटर पुरते, साध्या ऑइलला चाळीस. जुन्या मशीनला थोडे जास्त चालेल, कमी कधीच नको.

वापरलेली मशीन घ्यायला गेलात तर रंगाकडे बघू नका. आधी दम बघा. मशीन बंद असताना दोरीच्या मुठीला धरून तिला अधांतरी लटकवायचे. ती थांबत-थांबत, प्रत्येक दाबाला अडत खाली आली तर सिलिंडरमध्ये दम आहे. सुळकन खाली आली तर रिंग गेल्या. मिस्त्रीकडे मीटर असेल तर दीडशे पौंडांच्या आसपासचा आकडा उत्तम, शंभरच्या खाली आला तर सोडून द्या. मग सायलेन्सरचे दोन बोल्ट काढून आत डोकावा. पिस्टनची ती बाजू गुळगुळीत, फिकट रेषांची असावी. खोल उभे ओरखडे दिसले तर मशीन एकदा तरी चिकटली आहे, मग विकणारा काही का सांगेना. चालू केल्यावर ती शांत एका लयीत फिरायला हवी. आपोआप चढत-उतरत असेल, किंवा गतीचा खटका सोडल्यावर फेऱ्या खाली यायला वेळ लागत असेल, तर कुठून तरी जादा हवा शिरते आहे. वर्षानुवर्षे पडून राहिलेल्या मशीनमध्ये ती बहुधा क्रँकच्या कडक झालेल्या सीलमधून शिरते. सील स्वस्त असते, पण ते न बदलता चालवलेली मशीन पिस्टन घेऊन जाते. शेवटी बारचे टोक एखाद्या कोऱ्या लाकडासमोर धरून गती वाढवा. लाकडावर तेलाची बारीक रेघ उमटली तर चेनला तेल पोचते आहे. स्प्रॉकेटचे दात खोल झिजले असतील तर ते आणि चेन एकदमच बदलायचे, कारण झिजलेला स्प्रॉकेट नवी चेन आठवड्यात खराब करतो.

इतके सगळे बरोबर निघाले तरी एका गोष्टीवर मी अडून बसेन, आणि ती म्हणजे चेन ब्रेक. बारच्या टोकाचा वरचा भाग लाकडाला टेकला की चेनचा जोर उलटतो आणि सगळा बार क्षणार्धात वर, वापरणाऱ्याच्या मानेकडे उसळतो. माणसाला प्रतिक्रिया द्यायला वेळच मिळत नाही. पुढच्या मुठीसमोरचे कवच हाताला लागून चेन तत्काळ थांबवणारा ब्रेक १९७० च्या दशकाच्या सुरुवातीपासून मशीनवर येऊ लागला. त्याआधीच्या मॉडेलना तो नाही, आणि ०७० सारख्या पुष्कळ मशीन त्याशिवायच आपल्याकडे आल्या. ज्यांना ब्रेक होता त्यांचाही लोकांनी धुळीने अडकतो म्हणून काढून टाकलेला दिसतो. ब्रेक नसलेली मशीन मोठ्या जोराची असल्यामुळे जास्तच घातक. ती कितीही स्वस्त मिळाली तरी रोजच्या कामाला घेऊ नये. तरुण मुलाच्या हातात तर मुळीच देऊ नये.

दुसरे नुकसान हळूहळू होते. कंपन शोषणाऱ्या रबरी किंवा स्प्रिंगच्या जोडण्या १९६० च्या दशकाच्या मध्यापासून आल्या. त्यापूर्वीच्या मशीनचा थरथराट थेट तळव्यात जातो. वर्षानुवर्षे हे सोसल्यावर बोटांतल्या बारीक रक्तवाहिन्या आणि नसा खराब होतात. थंड देशांत बोटे पांढरी पडतात म्हणून हा आजार लवकर ओळखू येतो. आपल्या उन्हात तसे दिसत नाही, पण मुंग्या येणे, रात्री हात बधिर होणे, शर्टाची गुंडी लावता न येणे ही त्याचीच लक्षणे. युरोपीय संघाने २००२ मध्ये आठ तासांच्या कामासाठी हाताच्या कंपनाची कमाल मर्यादा ठरवली. आपल्या लाकूडतोड मजुराच्या हाताची मोजणी कोणी करत नाही. त्यामुळे अर्ध्या तासाने मशीन दुसऱ्याकडे देणे आणि आवाजापासून जपायला कानात बोळे घालणे, निदान एवढे तरी टोळीने आपापसात ठरवायलाच हवे.

मशीन हाताशी असली की झाड लवकर पडते, आणि कायदा त्या वेगाने चालत नाही. महाराष्ट्र वृक्षतोड (विनियमन) अधिनियम १९६४ मध्ये सोळा झाडांची यादी आहे. साग, मोह, आंबा, चिंच, जांभूळ, खैर, चंदन, हिरडा, बिजा, हळदू, तिवस, ऐन, अंजन ही त्यातली काही. ही स्वतःच्या शेतातली असली तरी परवानगीशिवाय तोडता येत नाहीत. बाभूळ आणि कडुनिंब त्या यादीत नाहीत. नगरपालिकेच्या हद्दीत १९७५ चा वेगळा कायदा लागू होतो. सातपुड्याच्या पायथ्याचे अंबाबरवा आणि बुलढाणा-खामगावच्या मधले ज्ञानगंगा ही अभयारण्येही याच जिल्ह्यात आहेत, म्हणून अशा मशीनवर नजर असायला हवी.  फिलिपाइन्सने २००२ मध्ये चेन सॉसाठीच स्वतंत्र कायदा केला आणि मशीन बाळगायला, विकायला परवाना सक्तीचा केला. हातोहात फिरणाऱ्या जुन्या मशीनची कुठेही नोंद नसते, तेव्हा तसा विचार इथेही व्हायला हरकत नाही.

याच जिल्ह्यातल्या लोणार सरोवराकाठचे तोडीचे काम मात्र वेगळ्या जातीचे आहे. उल्का आदळून बनलेल्या, सुमारे १.८ किलोमीटर व्यासाच्या त्या विवराभोवती वेडी बाभूळ माजली. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात बाहेरून आणलेले हे झाड देशी झाडोऱ्याला उगवू देत नाही. लोणारच्या संवर्धनाचा विषय उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठापुढे गेला तेव्हा ती काढण्याचा प्रश्नही त्यात आला. २०२० मध्ये लोणारला आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागेचा रामसर दर्जा मिळाल्यावर त्याचे महत्त्व आणखी वाढले. अशा कामाला दहा किलोंची जुनी मशीन आणू नये. वेड्या बाभळीला एकाच बुडातून अनेक बारीक खोडे फुटतात, काटे चारी बाजूंनी असतात, उभे राहायला जागा नसते आणि छेद जमिनीलगत घ्यावा लागतो. तिथे ब्रेक असलेली, चार-पाच किलोंची, लहान बारची नवी मशीन हवी, आणि सोबत दोन जादा चेन, कारण मातीलगत धार फार वेळ टिकत नाही. शिवाय नुसते कापून भागत नाही. बुंधा राहिला तर पहिल्या पावसात त्यालाच डझनभर फुटवे येतात, म्हणून फुटवे जिथून निघतात तो जमिनीखालचा गड्डा कुदळ आणि पहार घेऊन खणून काढावा लागतो.